गुडघ्याच्या चालीने : जुनी दुखापत आणि पहिले ट्रायथलॉन

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकाच स्पर्धेत, याच क्रमाने आणि मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करण्याच्या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. या खेळाचा आजचा अवतार अमेरिकेतील सॅन दिएगो शहरातील मिशन बे येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी प्रथम दिसला. त्या दिवशी ४६ स्पर्धक उतरले होते आणि क्रम आजच्या उलट, म्हणजे धावण्यापासून सुरू होणारा होता. त्या स्पर्धकांमधील जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याच्या कल्पनेतून १९७८ साली हवाईमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी ‘आयर्नमॅन’ ही महादीर्घ स्पर्धा जन्माला आली. त्या पहिल्या स्पर्धेत १५ जण निघाले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. पुढे २००० साली सिडनी येथे ट्रायथलॉनला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, आणि तेथे वापरलेले १.५, ४० आणि १० किलोमीटरचे माप ‘ऑलिंपिक अंतर’ म्हणून रूढ झाले. त्याच्या निम्मे, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, याला ‘स्प्रिंट अंतर’ म्हणतात, आणि या प्रकरणाचा विषय मुख्यतः हेच अंतर आहे.

महाराष्ट्रात हा खेळ प्रथम पुणे-मुंबईत रुजला. पुण्याचे कौस्तुभ राडकर आणि १९९५च्या आगेमागे घराघरांत परिचित झालेले मिलिंद सोमण ही त्यातील ठळक नावे. सोमण यांनी २०१५ साली झुरिक येथील आयर्नमॅन वयाच्या ४९व्या वर्षी पूर्ण केली तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून ‘आयर्नमॅन’ हा शब्द पहिल्यांदाच सर्वत्र पोहोचला. हे दोघेही मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, ही बाब मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातून या खेळाकडे वळणाऱ्या माणसाची पूर्वतयारी अगदी वेगळी असते. त्याचा जन्म तरणतलावाजवळ झालेला नसतो. तो शाळेत कबड्डी खेळलेला असतो, सायकलने शेतात गेलेला असतो, विहिरीत पोहायला शिकलेला असतो, आणि पस्तिशी-चाळिशीला पोहोचेपर्यंत त्याच्या एखाद्या सांध्याने एकदा तरी दगा दिलेला असतो. कबड्डी तर या मुलखाच्या हाडीमासी मुरलेली आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिके दाखवली होती. चढाई करणाऱ्याचा पाय जमिनीत रोवलेला असताना धड वळले, किंवा घोट्याची पकड होऊन गुडघा भलत्याच दिशेला गेला, की जी इजा होते ती पुढे वीस-वीस वर्षे सोबत राहते. म्हणून गुडघ्याचीच गोष्ट येथे विस्ताराने घेतली आहे.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना तिरके बांधणारा एक चिवट पट्टा असतो. हाडाला हाड बांधणाऱ्या अशा पट्ट्याला अस्थिबंध, बोलीत लिगामेंट, म्हणतात. या विशिष्ट अस्थिबंधाला खेळाडू ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी ओळखतात, आणि नडगीला पुढे सरकू न देणे व सांध्याची पिळवणूक रोखणे हे त्याचे काम असते. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकार चकत्या असतात, ज्यांना रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘गादी’ म्हणतात, आणि हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारखा द्रव हालचालीच्या दाबाने तिच्यात शिरतो आणि बाहेर येतो, आणि त्यातूनच तिचे पोषण होते. त्यामुळे जुन्या दुखापतीला केवळ आराम दिल्याने ती बरी होते ही समजूत अपुरी ठरते, कारण सांधा हलला नाही तर त्याच्या आतील थराला अन्नच मिळत नाही.

दुखापतीचा दुसरा, कमी ओळखला जाणारा परिणाम स्नायूवर होतो. सांध्याला सूज आली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा दाबून ठेवते. हा शरीराचा स्वसंरक्षणाचा डाव असतो, परंतु सूज उतरल्यावरही तो पूर्णपणे मागे घेतला जातो असे नाही. कपडे शिवताना वापरतात तशी टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीपासून एक वीत वर दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, तर वर्षांपूर्वी दुखावलेल्या बाजूचा घेर कमी भरल्याचे अनेकदा आढळते. माणूस चालतो, शेतात वाकतो, मोटारसायकलला किक मारतो, आणि त्याला वाटते की पाय ठीक आहे. प्रत्यक्षात चांगला पाय दुसऱ्याचे ओझे उचलत असतो. धावताना होणाऱ्या नव्या दुखापतींचा माग काढणाऱ्या संशोधनात सर्वांत ठामपणे पुढे येणारे कारण ‘पूर्वीची दुखापत’ हेच आहे, आणि त्याचे मूळ बऱ्याच अंशी या न भरून निघालेल्या कमजोरीत असते.

येथून पुढचे सगळे नियोजन एका विसंगतीवर उभे आहे, आणि ती नीट समजली तर नवशिक्याच्या निम्म्या चुका टळतात. व्यायाम सुरू केल्यावर रक्तातील द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांतच वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, आणि सहा-आठ आठवड्यांत स्नायूंमधील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा दाट होते. दम लागत नाही, उत्साह वाढतो, आणि अंतर वाढवण्याचा मोह होतो. परंतु स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, म्हणजे कंडरेला, घट्ट व्हायला महिने लागतात, आणि हाडाच्या डागडुजीत जुना भाग आधी खरवडून काढला जातो व नवा नंतर भरला जातो, ज्याचे एक पूर्ण चक्र साधारण तीन ते चार महिन्यांचे असते. म्हणजे दुसऱ्या महिन्यात छाती म्हणते ‘चला’, आणि सांधा अजून पाया भरत असतो. ज्याचा सांधा आधीच एकदा उसवलेला आहे, त्याने वेळापत्रक फुप्फुसाला विचारून आखू नये. ते गुडघ्याच्या चालीने आखावे.

धावण्याच्या मानाने ट्रायथलॉन अशा माणसाला अधिक मानवते, याचे कारण भारांच्या हिशेबात सापडते. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा धक्का शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. ७० किलो वजनाच्या माणसाने आठ मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने ५ किलोमीटर पूर्ण केले, तर सुमारे साडेसहा हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक गुडघा तीन हजारांहून अधिक वेळा दीड-दोनशे किलोंचा धक्का सोसतो. सायकलवर वजन बैठकीवर टेकलेले असते आणि पाय वर्तुळात फिरतात, त्यामुळे धक्का जवळजवळ नसतोच. पाण्यात तर कमरेपर्यंत उभे राहिले तरी शरीराचा भार निम्म्यावर येतो आणि गळ्यापर्यंत उभे राहिले तर एक दशांशाच्या आसपास उरतो. हृदय-फुप्फुसांची तयारी पाण्यात आणि सायकलवर करता येते, आणि धावण्याचा भार थेंबाथेंबाने वाढवता येतो. शुद्ध धावपटूला ही सोय नसते. म्हणूनच प्रशिक्षणाचा क्रम स्पर्धेच्याच क्रमाने जावा हे शहाणपणाचे : आधी पाणी, मग सायकल, आणि धावणे सर्वांत शेवटी.

विदर्भातील खेड्यांत पोहण्याचे शिक्षण विहिरीत होते. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा किंवा सुकलेला भोपळा बांधून, कमरेला दोर अडकवून, काठावरच्या मोठ्या माणसाच्या भरवशावर पोर पाण्यात सोडले जाते, आणि एक-दोन उन्हाळ्यांत ते डब्याशिवाय सूर मारू लागते. या शिक्षणाची एक मिळकत फार मोठी आहे : खोल पाण्याची भीती मेलेली असते आणि जागच्या जागी तरंगत राहणे अंगवळणी पडलेले असते. शहरातील तलावात शिकलेला माणूस पाय टेकत नाही म्हटल्यावर घाबरतो, आणि ट्रायथलॉनमध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण तीच असते. परंतु विहीर जे शिकवत नाही तेही तितकेच महत्त्वाचे आहे. सात मीटर व्यासाच्या विहिरीत ७५० मीटर पोहायचे म्हणजे शंभराहून अधिक वेळा काठ गाठावा लागेल. त्यामुळे सलग, सरळ रेषेत, न थांबता पोहण्याची सवयच लागत नाही. डोके सतत पाण्यावर ठेवल्याने पाय खाली बुडतात, आणि बुडालेले पाय पाण्याला धरणासारखे अडवतात. तोंड पाण्यात असताना संथपणे श्वास सोडत राहायचा आणि बाजूला वळून फक्त घ्यायचा, ही गोष्ट मोठेपणी शिकणाऱ्याला इतर सर्व कौशल्यांपेक्षा अवघड जाते, कारण घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो आणि छातीत हवा भरलेली असतानाच त्याला हवा कमी पडल्यासारखे वाटते.

जुन्या गुडघ्याच्या दृष्टीने येथे एक इशारा आवश्यक आहे. विहिरीत शिकलेले बहुतेक जण बेडकासारखे पाय मारतात, आणि या प्रकारात गुडघा वाकलेल्या स्थितीतून बाहेरच्या बाजूने झटक्यात सरळ होताना त्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. जलतरणपटूंमध्ये या दुखण्याला त्या शैलीच्याच नावाने ‘ब्रेस्टस्ट्रोकचा गुडघा’ म्हणतात. आलटून-पालटून हात टाकण्याच्या, फ्रीस्टाइल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीत पाय कमरेतून हलके हलतात आणि गुडघा जवळजवळ सरळ राहतो. ट्रायथलॉनच्या नियमांत कोणत्याही शैलीने पोहता येते, दमल्यास सुरक्षेसाठी ठेवलेल्या होडीला धरून पुढे न सरकता थांबताही येते. तरीही दुखावलेल्या गुडघ्याने फ्रीस्टाइल शिकण्यासाठी खर्च केलेले दोन महिने वाया जात नाहीत. त्यासाठी आठवड्यातून एकदा का होईना, २५ मीटरचा तलाव आणि काठावर उभा राहून चूक सांगणारा प्रशिक्षक असलेल्या शहरापर्यंतचा प्रवास करावा. तेथे ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या.

उघड्या पाण्यातील सराव हा स्वतंत्र प्रश्न आहे. दारव्ह्याच्या परिसरात अडाण आणि अरुणावती या नद्यांवर मोठी धरणे आहेत, आणि शांत दिसणाऱ्या त्या पाण्याचा मोह पडणे साहजिक आहे. परंतु धरणाच्या पोटात गाळ असतो, बुडालेली बाभळीची झाडे असतात, सांडव्याजवळ आणि विसर्गाच्या दाराजवळ दिसत नाही अशी ओढ असते. परवानगीशिवाय, एकट्याने आणि सोबतीला होडी वा तरंगणारा फुगा नसताना तेथे उतरणे हा सराव नव्हे. पावसाळ्यात तर मुळीच नाही. कोल्हापूरच्या राजाराम तलावासारख्या ठिकाणी होणाऱ्या स्पर्धांत जीवरक्षक, होड्या आणि दोरखंडाने आखलेला मार्ग असतो. पहिला उघड्या पाण्याचा अनुभव अशाच बंदोबस्तात घेतलेला बरा.

सायकलीबाबत दारव्ह्याचा माणूस सुदैवी आहे. लाडखेडमार्गे यवतमाळचा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा आहे, म्हणजे एका दिशेचा प्रवास ऑलिंपिक अंतराइतका भरतो, आणि निम्म्यातून परतले तर जाऊन-येऊन तेवढाच. (याच गावावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या आगगाडीचा मार्ग ११३ किलोमीटरचा होता, आणि गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम झालेल्या अर्ध्या आयर्नमॅनचे तिन्ही प्रकारांचे मिळून अंतरही ११३ किलोमीटरच आहे, दारव्हेकरांना त्या स्पर्धेचा आवाका सांगायला याहून नेमके माप नाही.) अडचण अंतराची नसून बैठकीच्या उंचीची आहे. खेड्यात सायकलची सीट अशी ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. त्यामुळे पॅडल वर आल्यावर गुडघा काटकोनाहून अधिक दुमडतो आणि वाटीच्या मागचा दाब वाढतो. सीट बसवण्याची सोपी रीत अशी : भिंतीला धरून सायकलवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावे, त्या स्थितीत पाय नुकताच सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारले की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागे दुखत असेल तर वर. दुसरी गोष्ट वेगाची : जड गिअरवर मिनिटाला पन्नास फेऱ्या रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर ऐंशी ते नव्वद फेऱ्या फिरवल्या तर तेवढेच अंतर प्रत्येक फेरीला कमी जोर लावून कापले जाते. महागड्या सायकलीची नवशिक्याला गरज नाही; नीट लागणारे ब्रेक, पाठीमागचा लाल दिवा आणि हेल्मेट यांची आहे. कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रक-ट्रॅक्टरांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर तर या गोष्टींत तडजोड नको. स्पर्धेतही हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून हलवता येत नाही.

धावण्यासाठी डांबरी रस्त्यापेक्षा शेतात जाणारी पांधण बरी असे सहज वाटते, आणि हिवाळ्यात, सोयाबीन निघाल्यावर बैलगाडीच्या चाकोरीने दाबलेली माती खरोखर छान असते. परंतु काळी जमीन ऋतूप्रमाणे वागते : पावसाळ्यात ती चपलेला शेरभर चिकटते, आणि उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल अशा भेगा पडतात. अस्थिबंध एकदा तुटलेल्या गुडघ्याला आणि मुरगळलेल्या घोट्याला असा अचानक तोल जाणे सर्वांत घातक. म्हणून वर्षाचे गणित असे बसवता येते की पोळ्याच्या सुमारास पोहणे, सायकल आणि ताकदीचे व्यायाम सुरू करावेत, पहिले सहा-सात आठवडे फक्त भरभर चालावे, दिवाळीनंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा तुकड्यांनी पांधणीवर उतरावे, आणि स्पर्धा महाशिवरात्रीच्या आसपासची निवडावी. एप्रिल-मेच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात पहिली स्पर्धा नको. ज्यांना दमट हवेतील स्पर्धा खुणावते, त्यांनी उष्णतेला सरावण्यासाठी शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात हे ध्यानात ठेवावे.

अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवशिक्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : नियम पाळणाऱ्या आणि नेहमीच्या पद्धतीने धावणाऱ्या, दोन्ही गटांत साधारण प्रत्येक पाचवा जण जखमी झाला. कागदावरचा आकडा सांध्याला ओळखत नाही. त्यापेक्षा विश्वासाची कसोटी दुखण्याचीच आहे. शून्य ते दहा या मापात दुखणे दोनपर्यंत राहिले तर व्यायाम चालू ठेवावा. पाचपर्यंत गेले तर तो दिवस सैल करावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आले असेल तरच पुढे जावे. पाचावर गेले तर थांबावे. ही सकाळची तपासणी अंथरुणातून उठून पहिला जिना किंवा ओट्याची पायरी उतरताना होते, कारण उतरताना वाटीमागे मोठा भार येतो.

ताकदीच्या व्यायामांसाठी आखाड्याची परंपरा हाताशी आहे, पण ती जशीच्या तशी उचलू नये. पूर्ण खोल बैठक गादी फाटलेल्या गुडघ्याला झेपत नाही; भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक, खालच्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे, आणि एका पायावर टाचा उचलणे यांनी सुरुवात करावी, आठवड्यातून दोनदा. दुखऱ्या पायाने टाचा वीसदा उचलता येत नसतील, किंवा खुर्चीतून एका पायावर उठता येत नसेल, तर धावण्याची वेळ अजून आलेली नाही. ज्यांची एसीएलची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यासाठी नऊ महिन्यांच्या आत वळणा-वाकणाच्या खेळात परतणे धोक्याचे असते, आणि दोन्ही पायांच्या ताकदीतील फरक दहा टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबणे हा आज सर्वमान्य निकष आहे.

स्पर्धेच्या आठ आठवडे आधीपासून सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव करावा लागतो. या जोडसरावाला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणजे वीट म्हणतात. पाय आधी विटेसारखेच जड पडतात, कारण सायकलवर पुढे झुकून एका लयीत फिरलेल्या स्नायूंना उभे राहून धक्का सोसण्याची दुसरी लय पकडावी लागते. याच पहिल्या पाच-दहा मिनिटांत थकलेली मांडी गुडघ्याला सावरू शकत नाही आणि तो आत झुकतो. म्हणून सुरुवातीला ब्रिकमधील धावणे पाच मिनिटांचेच असावे, पावले लहान आणि झपाझप.

गावाकडे सुजलेल्या गुडघ्याला आधी हाडवैद्याकडे नेण्याची रीत आहे, आणि लेप-पट्टीने बरे वाटल्याचे अनुभवही आहेत. परंतु सुजलेला सांधा जोराने चोळणे आणि ओढणे यांनी आतील फाट वाढू शकते. व्यायामानंतर काही तासांत गुडघा फुगत असेल, मध्येच अडकून सरळ होत नसेल, चालताना निसटल्यासारखा वाटत असेल, किंवा रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, तर स्पर्धेचे शुल्क भरण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत पोहणे व हलकी सायकल एवढेच चालू ठेवावे.